चाळीस प्रोग्रामची वही

सुरगाण्याकडच्या रोशनीचं बी.ए. झालं आणि नाशिकच्या वसतिगृहातली खोली सोडायची वेळ आली. एका कंपनीच्या मोफत कॉम्प्युटर प्रशिक्षणात नाव लागलं, तरच शहरात राहणं होतं. नाहीतर दिंडोरीला, आईबरोबर द्राक्षबागेत मजुरीला. निवडीसाठी ‘पायथन’ नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेची तोंडओळख हवी, एवढंच त्यांनी कळवलं होतं. ती शिकायची कुठून, हे कोण सांगणार?

मोबाईलवरचे धडे इंग्रजीत, नाहीतर भरधाव हिंदीत. चार दिवस हिंडल्यावर वाचनालयात एक मराठी पुस्तक मिळालं. वर प्रोग्राम, खाली उत्तर. रोशनीला हायसं वाटलं. दहावीला गाईड पाठ करून तिने ऐंशी टक्के काढले होते, शाळेने तिचा सत्कारही केला होता. आता ती रोज पहाटे आंघोळ करून देवापुढे उदबत्ती लावी, एकेक प्रोग्राम वहीत उतरवी आणि स्तोत्रासारखा घोकी.

“अगं बये, खाली ऑफिसात कॉम्प्युटर आहे, त्यावर चालवून तरी बघ,” खोलीतली तृप्ती म्हणाली. “का पूजा मांडणारेस वहीची?”

“चाळीसच्या चाळीस पाठ होऊ देत. मग बघू.”

चाळीस पाठ झाले. कॉम्प्युटर राहूनच गेला.

निवडीच्या दिवशी कंपनीच्या सरांनी सातचा पाढा छापायचा प्रोग्राम फळ्यावर लिहायला सांगितला. रोशनीने एका दमात लिहिला.

“वा! आता तेराचा कर.”

“सर, पुस्तकात सातचाच आहे.”

“असू दे. बरं, ही दुसरी ओळ काढली तर काय होईल?”

“ती काढायची नसते, सर.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. “ती ओळ काय काम करते, ते सांग ना.”

रोशनीने हात जोडल्यासारखे धरले आणि तिसरी ओळ म्हणून दाखवली.

“हे तुला शिकवलं कुणी?”

“कुणीच नाही. मीच शोधलं.”

सरांनी फळा पुसला. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. तिकडे फवारणीचा पंप घरघरत होता.

“झालं का गं?” भागीबाईने ओरडून विचारलं.

“नाय झालं, आई.”

पंप तसाच चालू राहिला. मग भागीबाई म्हणाली, “बरं. मुकादमाला सांगते, सोमवारपासून एक बाई वाढली.”