धुराड्यावरची टोपी

घरात शिरण्याआधी कस्तुराबाई घराला मागून वळसा घालायची. मागच्या भिंतीकडे मान वर करून बघायची. धूर दिसला की मग पुढच्या दाराने आत यायची.

पाय पायरीवर घासून धुवायची. आधी अंगठा, शेवटी टाच.

दुपटं वाळलं का, हे हाताने बघायची नाही. गालाला लावायची. हात राबून निबर झालेला असतो, त्याला ओल कळत नाही, म्हणायची.

शेगडीकडे पाठ करून कधी बसायची नाही. चहाही शेगडी दिसेल अशा जागी, उंबऱ्यात उभी राहून प्यायची.

विझवायच्या वेळी दोन निखारे राखेत पुरून ठेवायची, उद्यासाठी. काडीपेटी कनवटीला असायची, पण एक पेटी तिला महिना महिना पुरायची.

बाळाला नावाने हाक मारायची नाही. बारसं झाल्यावरसुद्धा ‘पाव्हनं’ म्हणायची. पाव्हनं जागं झालं. पाव्हन्याला दूध पाजा.

नीरजाने हे सगळं बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या पाहिलं. १९४१चा श्रावण होता. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, लोणावळ्यातच झालं. दोन वर्षांपूर्वी ती साहित्य घेऊन बी.ए. झाली होती. त्या अंधाऱ्या खोलीत वाचायला मनाई होती. डोळ्यांवर ताण येतो, असं सासूबाईंचं म्हणणं. तेव्हा बघण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे कस्तुराबाई.

लोणावळ्यात आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत. दोरीवर टाकलेलं धोतर चौथ्या दिवशी होतं तितकंच ओलं असतं, वर त्याला वास येतो. मोठ्या माणसांचं कसंही निभतं. तान्ह्या बाळाची दुपटी मात्र दिवसाला वीस लागतात. म्हणून ज्या घरी पावसाळ्यात पाळणा हलला त्या घरचा निरोप शेजारच्या कुरवंडे गावी जायचा आणि कस्तुराबाई तिथून रोज डोक्यावर इरलं घेऊन चालत यायची. गावात तिला शेगडीवाली म्हणत. ती चाळीस दिवस एका घरी असायची.

काम बघायला सोपं होतं. लोखंडी शेगडीत कोळसे फुलवायचे. वर बांबूचं डालगं पालथं घालायचं, कोंबड्या झाकतात तसलं, पण उंच. डालग्यावर दुपटी पसरायची. एवढंच. पण तिचे नेम होते. निखाऱ्यापासून डालग्याच्या माथ्यापर्यंत एक हात अंतर पाहिजे. एका वेळी चारच दुपटी, पाचवं नाही. एकावर एक तर मुळीच नाही. आणि डालग्यावर कापड असताना कुणी खोलीतून हलायचं नाही. पाणी प्यायला जायचं झालं तरी आधी कापडं उचलायची, मग पाणी.

आढ्याखाली भिंतीत एक मातीची नळी बसवलेली होती. तेच त्या खोलीचं धुराडं. दर गुरुवारी कस्तुराबाई स्टुलावर चढून काठीला बांधलेल्या झाडूने ती नळी घुसळायची. पहिल्या गुरुवारी काजळीबरोबर काळ्या कापसासारखं काहीतरी ओंजळभर खाली पडलं.

“हे काय हो मावशी?” नीरजाने विचारलं.

“लव हाये कापडाची. जुन्या लुगड्याची दुपटी, वयनी. वाळताना लव सुटती, वर जाती, नळीत बसती.”

तिने त्यातली चिमूटभर घेऊन निखाऱ्यावर टाकली. भक्कन ज्वाळ उठली आणि विझली. नीरजाने हात आखडून घेतला.

“ही चिमूट. नळीत वंजळभर हुती,” कस्तुराबाई म्हणाली. उरलेली लव तिने करवंटीत भरून ठेवली. सकाळी शेगडी पेटवायला ती कामाला यायची.

हे ती शिकली होती तरुणपणी, मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यात. तिथे कपडे वाळवायची वेगळी खोली होती, आत लोखंडी चूल आणि छतापर्यंत पत्र्याची नळी. चार पावसाळे नळी कुणी झाडली नाही. पाचव्या पावसाळ्यात एका दुपारी ती आपोआप गुणगुणायला लागली. कस्तुराबाईला वाटलं, आत भुंगा शिरला. मग नळी खालून वर लाल होत गेली. छताच्या फळ्या जळाल्या, माणसं वाचली. हे ती हसत हसत सांगायची, भुंग्याचा आवाज काढून.

“तुमच्या पुस्तकात धुराड्याचं काय लिवलंय का?”

“नाही हो.”

“मग बी.ए.ला यवढी वरसं काय शिकवलं?”

दोघी हसल्या. शेजारच्या खोलीतून सासूबाई खाकरल्या. बाळंतिणीने जास्त हसू नये, असंही होतं.

सासूबाई म्हणजे चंद्रिकाबाई. बाई कडक, पण वाईट नव्हत्या. गंगाधरच्या, म्हणजे नीरजाच्या नवऱ्याच्या, वेळच्या बाळंतपणात त्यांचा डावा कान गेला होता. खिडकीतून वारा लागला म्हणून गेला, असं त्यांना सुइणीने सांगितलं होतं. तेव्हापासून बाळंतिणीची खोली आणि वारा हे दोन शब्द त्या एकत्र ऐकू शकत नसत. खिडक्यांच्या फटींना त्यांनी स्वतः कणीक लावली होती. उरलं होतं फक्त धुराडं. जोराचं वारं आलं की नळीतून पावसाचे तुषार यायचे, आणि पाळणा नेमका खाली होता.

“कस्तुरा, त्या भोकात एक बोळा घालून टाक गं.”

“न्हाई काकू. वारा बाळाला लागू नये, पर शेगडीला लागाया पायजे.”

“मला शिकवू नकोस.”

“शिकवत न्हाई. पाळना सरकवते.”

तिने पाळणा सरकवला. खोली लहान होती. पाळणा सरकून कुठे जाणार? वारं फिरलं की तुषारही फिरायचे.

आठव्या दिवशी कस्तुराबाईने अर्धी सुटी मागितली. कुरवंड्याला त्यांच्या खाचरात भातलावणी चालली होती आणि माणसं कमी पडत होती. सकाळी येऊन तिने शेगडी पेटवून दिली, नेम पुन्हा सांगितले आणि ती गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर चंद्रिकाबाई स्टुलावर चढल्या. यजमानांचा जुना फलालीनचा सदरा त्यांनी घट्ट गुंडाळून नळीत कोंबला. तुषार बंद झाले. खोलीत छान ऊब आली. दुपटी लवकर वाळावीत म्हणून त्यांनी आठ पसरली आणि शेगडीत दोन मुठी कोळसे जास्त घातले. मग दार ओढून घेऊन त्या जेवायला गेल्या.

नीरजाचं डोकं जड झालं. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल, असं तिला वाटलं. झोपही येत होती. बाळ सकाळपासून रडलं नव्हतं. किती गुणी आहे, असं चंद्रिकाबाई जेवता जेवता शेजारणीला सांगत होत्या.

लावणी लवकर आटोपली. दोनच्या सुमाराला कस्तुराबाई चढण चढून आली आणि नेमाप्रमाणे मागून वळली. मान वर करून बघितलं. नळी होती. धूर नव्हता.

त्या दिवशी तिने पाय धुतले नाहीत. खाचराच्या चिखलाचे पाय घेऊन ती ओटी, माजघर ओलांडून थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. शेजारणीच्या हातातली वाटी तिच्या धक्क्याने सांडली. तिने दार पाठीमागे लोटून सताड उघडलं. डालगं दुपट्यांसकट उचलून बाहेर ठेवलं. चिमट्यात शेगडीची कडी धरून शेगडी ओढत परसात नेली. बाळ नीरजाच्या कुशीतून उचलून ओसरीवर आणलं आणि नीरजाला दंडाला धरून मागोमाग चालवलं.

ओसरीवर गार वारं होतं. बाळ शिंकलं. मग त्याने टाहो फोडला. कस्तुराबाईने त्याला गालाशी धरलं.

“रड रं पाव्हन्या,” ती म्हणाली. “लय रड.”

मग तिने काठीने नळीतला बोळा पाडला. सदऱ्याच्या आतल्या बाजूला लव चिकटून बसली होती आणि तिच्यातून लाल ठिणग्या मुंगीसारख्या सरकत होत्या. डालग्यावरच्या सगळ्यांत खालच्या दुपट्यावर तळहाताएवढा पिवळा डाग पडला होता. सदरा तिने पागोळ्यांखाली टाकला. चर्र झालं.

चंद्रिकाबाईंनी सदरा पाहिला. ओटीपासून खोलीपर्यंत उठलेली चिखलाची पावलं पाहिली. शेजारीण पाहत होती.

“माझ्या घरात असं शिरायचं?”

“तुमचंच घर हाये, काकू. म्हनून तर जळू देत न्हाई.”

ते जास्तच झालं. “उद्यापासून येऊ नकोस,” चंद्रिकाबाई म्हणाल्या.

कस्तुराबाईने इरलं उचललं. जाताना तिने शेगडी पुरती विझली का, ते मात्र पाहिलं.

दोन दिवस घरात ओल्या दुपट्यांचा ढीग साचला. चंद्रिकाबाई चुलीपुढे बसून एकेक दुपटं हातात धरून वाळवत होत्या. कोळशाची शेगडी पेटवायचं नाव त्यांनी काढलं नाही. बोळ्याबद्दलही त्या बोलल्या नाहीत. दुपट्यांना आमटीचा वास येत होता. बाळाच्या अंगावर ओल राहिली तर सर्दी होणार, आणि कस्तुराबाई आल्याशिवाय ओल जाणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीवर ठोकाठोक ऐकू आली. चंद्रिकाबाई पदर डोक्यावर घेऊन परसात गेल्या. कस्तुराबाईचा मुलगा महिपती शिडी धरून उभा होता. वर कस्तुराबाई, तोंडात दोन खिळे.

“कस्तुरा, तुला येऊ नको म्हटलं होतं.”

कस्तुराबाईने खिळे काढले. “घरात कुटं आले? भिंतीवर आलेय.”

“आणि हे काय?”

रॉकेलच्या डब्याचा पत्रा होता. तो कापून, वळवून तिने त्याची नळीवर टोपी केली होती. वरून आणि तीन बाजूंनी बंद, खालून उघडी.

“पाऊस वरनं येतो. धूर खालनं जाईल. पावसाला टोपी, धुराला वाट. आता बोळ्याचं कारनच उरलं न्हाई. अन् घातलाच, तर मला कळंल.”

“कसं कळेल?”

“मी मागनंच येते की.”

महिपती खाली मान घालून हसला. चंद्रिकाबाई आत गेल्या. थोड्या वेळाने डोंगरावरून मोठी सर आली. त्यांनी पाळण्याजवळ स्टूल घेतलं आणि नळीखाली तळहात पसरून त्या बसून राहिल्या. सर येऊन गेली. त्यांनी हात पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. कोरडा होता. कानाजवळही वारा लागत नव्हता.

परसात शिडी काढून घेतली जात होती.

“कस्तुरा,” त्यांनी दारातून हाक मारली. “पाय धुऊन ये.”

कस्तुराबाईने पाय धुतले. आधी अंगठा, शेवटी टाच.

चाळीस दिवस संपल्यावरही तिचं येणं राहिलं. बाजाराच्या दिवशी ती डोकवायची. आधी मागून, मग पुढून. नीरजा तिला मावशी म्हणायची आणि ती खरोखर मावशीसारखी रागवायची, केस ओले ठेवते म्हणून, जेवताना वाचते म्हणून. एकदा तिने पुस्तक हातात घेऊन त्याची पानं गालाला लावून पाहिली. “सर्द झालंय,” म्हणाली. “शेगडीला धरते. पर लांबून.” नीरजा म्हणायची, लग्नानंतर तिला मिळालेली पहिली मैत्रीण पंचावन्न वर्षांची होती.

टोपीची बातमी चंद्रिकाबाईंनीच पसरवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या परसात नेऊन टोपी दाखवायच्या, जणू ती त्यांनीच केली होती. कस्तुराबाई ते ऐकून घ्यायची. “काकूंनी सुचवलं,” असंही सांगायची. पुढच्या चार पावसाळ्यांत तिने अकरा घरांवर टोप्या बसवल्या. लढाईच्या दिवसांत रॉकेलचा रिकामा डबा मिळायचा नाही. तेव्हा चंद्रिकाबाई लोकांकडून डबे मागून आणायच्या आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघत ओटीवर मांडून ठेवायच्या.

शेचाळीसच्या ज्येष्ठात कस्तुराबाई आली ती एका डब्यासाठी. सून नंदाबाईला सातवा महिना होता. श्रावणात कुरवंड्याच्या घरी पाळणा हलणार होता.

“अकरा घरं झाली,” ती म्हणाली. “आमच्याच धुराड्याला टोपी न्हाई. पाव्हनं आलं की हसंल मला.”

नीरजाने डबा दिला. चंद्रिकाबाईंनी सुनेसाठी डिंकाचे लाडू दिले. कस्तुराबाई डबा डोक्यावर आणि लाडू पदरात घेऊन गेली. त्या दिवशी तिला कसलंही दुखणं नव्हतं. येताना चढणीवर ती थांबलीसुद्धा नव्हती.

चौथ्या दिवशी महिपती आला. तो पुढच्या दाराने आला नाही. मागच्या भिंतीपाशी उभा राहिला. नीरजा परसात गेली तेव्हा तो टोपीकडे बघत होता.

“आई गेली, वयनी,” तो म्हणाला. “काल दुपारी. वसरीवर काम करीत बसलीवती. नंदी पानी घेऊन गेली, तवा कळलं.”

नीरजा त्याच्याबरोबर कुरवंड्याला गेली. नंदाबाईने ओसरीवर घोंगडी टाकली.

मेढीजवळ, ओसरीच्या लाकडी खांबापाशी, कस्तुराबाईची बसायची जागा होती. तिथून आतली चूल दिसायची. घरच्यांनी तिथलं काही हलवलं नव्हतं. पत्रा कापायची कात्री होती. हातोडी होती. करवंटीत चार खिळे होते, ठोकून सरळ केलेले.

डब्याचा पत्रा उघडून सपाट केलेला होता. दोन बाजू वळवून झाल्या होत्या. तिसरीवर कोळशाने रेघ मारलेली होती, आणि कात्री रेघेच्या निम्म्यापर्यंत गेली होती.