दातातला दोरा

“कुठल्या वाडीतली गं तू?”

काकूंनी डोळे मिटूनच विचारलं. त्या पार्लरच्या खुर्चीत मागे रेललेल्या होत्या. डावी भुवई झाली होती, उजवी व्हायची होती. दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं, त्यामुळे लगेच बोलता आलं नाही. मी टोक सोडलं आणि सांगितलं, “बौद्धवाडीतली.”

काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. मग सरळ उठून बसल्या.

आमच्याकडे जात विचारत नाहीत. वाडी विचारतात. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न तोच. मराठावाडी, कोळीवाडा, बौद्धवाडी, देवळाजवळची आळी. उत्तर मिळालं की समोरच्याला कुठे बसवायचं ते ठरतं, आणि विचारणाऱ्याचं तोंडही खराब होत नाही.

“तोंडातला दोरा नको मला,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्या कशानं होईल?”

माझ्या उत्तराची वाट न बघता त्या आधी मोरीकडे गेल्या. झालेल्या भुवईला साबण लावून खसाखसा धुतली. ती लाल झाली. पदराला पुसली, परत धुतली. मी दोऱ्याचं रीळ हातात घेऊन उभी. बाकावर दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी सगळं बघितलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

काकू म्हणजे आमच्या भागातल्या मोठ्या बागायतदारांच्या घरातल्या. सुपारीची बाग, नारळाची बाग, रस्त्याकडेला पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. आमच्या पार्लरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. साठीच्या होत्या. भुवया करायच्या, आणि ओठावरचे, हनुवटीवरचे केस काढायचे. त्या वयात ते येतातच, मलाही आताच येऊ लागलेत. नेहमी माझ्याबरोबर काम करणारी मराठावाडीतली संध्या घरी जाऊन त्यांचं काम करायची. त्या दिवशी संध्या रजेवर होती, म्हणून त्या दुकानात आल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या. बसतानाच बोलल्या होत्या, “मेण नको हं लावू. माझी कातडी पातळ झालीय, सोसत नाही. दोऱ्यानंच कर.”

आता दोरा नको होता.

मी एकेक सांगत गेले. क्रीम? “पुरळ येतं.” वस्तरा? “शी, राठ येतील पुरुषासारखे.” चिमटा? “चिमट्यानं भुवई कर. खालचं मेणानं कर.”

“काकू, मेण सोसत नाही म्हणालात ना?”

“सोसेन.”

मी केलं. चिमट्यानं एकेक केस उपटला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या हूं की चूं करेनात. मग मेण. ओठाच्या कोपऱ्याजवळ पट्टी ओढली तशी कातडी सुटली, रक्ताचा बारीक ठिपका आला. मी कापूस घेऊन पुढे झाले. “राहू दे,” म्हणत त्यांनी कापूस माझ्या हातातून न घेता डब्यातून स्वतः घेतला.

दोरा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. टोक दातांत असतं, पीळ मध्ये असतो, चेहऱ्याला लागतो तो पीळ. पण तो हिशेब इथे नव्हताच. सोललेली कातडी चालली. माझी थुंकी नको.

पार्लर ज्यांचं, त्या मॅडम माझ्याहून लहान. मला ताई म्हणायच्या. संध्याकाळी त्यांनी समजूत घातली. “ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही गळ्यात दोरा अडकवून करा ना. मुंबईत आता पुष्कळजणी तसंच करतात. गिऱ्हाइकालाही स्वच्छ वाटतं.”

मी म्हटलं, बरं. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. घर माझ्या पगारावर चालत होतं आणि मुलगी बारावीला होती. तेव्हा हे काम सोडणं मला परवडणारं नव्हतं. मी घरी बसून स्वतःच्या नडगीवर सराव केला. दोऱ्याचा फास मानेमागून घ्यायचा, आणि दातांनी जे काम होतं ते मान मागेपुढे करून करायचं. मानेला वळ पडतो. घाम आला की चरचरतो. काकूंच्या आळीतल्या बायकांचं मी गळ्यानं करायची, बाकी सगळ्यांचं दातानं. कुणी वळाबद्दल विचारलं तर सांगायची, नवी पद्धत आहे, करोनानंतर लोक जपतात. मला ते खरंच वाटत होतं.

मुलीनं एकदा विचारलं, “मग संध्याताई पण गळ्यातच अडकवते का गं?”

“तू अभ्यास कर,” मी म्हटलं.

काकूंच्या मुलीचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी घरातल्या बायकांचं सगळं करायला मॅडमनी संध्याला आणि मला बरोबर नेलं. मॅडम आणि संध्या पुढच्या दारानं आत गेल्या. मला मागच्या पडवीत बसायला सांगितलं. तिथे मोकळी हवा आहे म्हणे. पडवीत बायका सुपारी सोलत बसल्या होत्या. दोघी माझ्याच वाडीतल्या, बाकीच्या आदिवासीवाडीवरच्या.

पावडरचा डबा संध्याच्या पिशवीत राहिला होता. तो घ्यायला मी आत गेले.

काकू आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या होत्या. संध्या त्यांच्यावर वाकलेली. दोऱ्याचं टोक तिच्या दातांत. संध्या सकाळ-दुपार मिशेरी लावते, तिच्या दोऱ्याचं टोक तपकिरी झालेलं लांबूनही दिसत होतं. काकू गाल फुगवून हनुवटी वर करत होत्या आणि म्हणत होत्या, “तुझा हात हलका आहे बाई, झोप लागते मला.”

मी दारात उभी राहिले. काकूंनी एक डोळा उघडला.

“तू मागेच थांब,” त्या म्हणाल्या. “त्या सुपारीवाल्या बायकांच्या भुवया करून टाक. उद्या पाहुण्यांपुढे वावरायच्यात. त्यांचं तोंडानंच कर, पटकन होईल.”

मी डबा घेतला आणि मागे आले. निरोप सांगितला. सखूबाय नावाची म्हातारी होती, ती हसली. “आमच्या भुवया? सुपारी काय माजा तोंड बगून सोलून घेते?”

सगळ्या हसल्या. मग तिनं माझ्या गळ्यातल्या फासाकडे बोट केलं. “अन् तोंडानं म्हंजे काय गो? तुज्या तोंडातला दोरा आतमंदी चालत न्हाय, आमाला चालतं व्हय?”

फास माझ्या गळ्यात होता, आल्याआल्या अडकवून तयार ठेवलेला. आमची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधायला लावायचे, हे मी लहानपणापासून जयंतीच्या भाषणांत ऐकत आलेय. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. जुनी गोष्ट. त्या पडवीत माझा हात मानेवर गेला, वळ बोटांना लागला. मडकं बांधायला निदान कुणी तरी बळजबरी करायचं. मी माझ्या हातानं बांधलं होतं. शिवाय घरी बसून सरावही केला होता.

मी फास काढला आणि आत गेले.

“काकू, संध्याच्या तोंडातला दोरा चालतो. माझ्या तोंडातला चालत नाही. का, ते सांगा.”

संध्यानं दोरा सोडला. काकू उठून बसल्या.

“अगं, शुभकार्याच्या घरात काय विषय काढतेस? तिचं वेगळं आहे.”

“काय वेगळं?”

काकूंची मुलगी पुण्याला मोठ्या नोकरीत. ती कोचावर बसून मोबाइल बघत होती. म्हणाली, “आई, जाऊ दे ना. मावशी, तुम्ही पण मनावर घेऊ नका.” मान वर केली नाही तिनं.

“मी तुमचं काम करणार नाही,” मी म्हटलं. “गळ्यात फास घालून नाही आणि मागच्या पडवीत बसूनही नाही.”

माझा आवाज चढला नव्हता.

परतताना रिक्षात मॅडम म्हणाल्या, “ताई, त्या घरामुळे माझं दुकान उभं आहे. त्यांच्यापुरतं तरी गळ्यात घालाल का? नाहीतर मग...” मी पिशवीतून दुकानाची चावी काढून त्यांच्या हातात दिली. संध्या बाहेर बघत होती. उतरताना पुटपुटली, “ताई, मी काय करणार होते?” ते उत्तर तिचं तिनं शोधावं.

पुढचे दिवस वाईट गेले. नवरा चिडला, म्हणाला, “एवढं सहन केलंस, अजून थोडं केलं असतंस.” रात्री मुलीनं माझ्या मानेला खोबरेल लावलं.

आता बाजारात एका शिलाईवाल्या बाईच्या दुकानाचा कोपरा मी भाड्यानं घेतलाय. एक आरसा, एक खुर्ची. नवीन बाई बसली की दोरा तोडायच्या आधी मी सांगते, “मी बौद्धवाडीतली. दोरा दातात धरते.” बहुतेकजणी बसून राहतात. काही उठतात. एकीला पर्स घरी राहिल्याची आठवण झाली. पर्स तिच्या मांडीवर होती. उठणाऱ्यांना मी थांबवत नाही आणि दुसरं काही सुचवतही नाही.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. संध्या नवऱ्याकडे मुंबईला गेली. काकूंना मेणानं जखमा होतात, नव्या मुलीचा हात जड आहे. “ताई, त्या म्हणाल्यात, तोंडानं केलंत तरी चालेल. फक्त मागच्या दारानं या, आणि कुठे बोलू नका.”

मी म्हटलं, दुकानात यायला सांगा. माझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून आहे. समोरून अख्खा बाजार जातो. पडदा लावलेला नाही, कुणासाठी लावणार नाही.

“ताई, त्या अशा उघड्यावर नाही येणार हो.”

नाही येणार तर न येवोत. पैसे हवे आहेत मला, रोज हवे आहेत. पण मी चोरून कुणाला शिवणार नाही.