फोल्डरमागचा कापूस

कापसाची सालं एकामागून एक वाया जात होती, तेव्हा मी उमरखेडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घर यवतमाळला. आई-बाबा तिथे आणि मी इथे, बसस्टँडमागे एक खोली घेऊन राहायचे. क्लासचे मालक नांदेडला असत, महिन्यातून एखादी चक्कर मारत. एरवी भिंतीला लावलेले कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि मी.

पहिल्या वर्षी बॅचेस भरलेल्या होत्या. पुढच्या हंगामात मुलं कमी व्हायला लागली. कुणी सांगून गेलं, कुणाचं येणं नुसतंच बंद झालं. मी कारण विचारलं नाही. बाजारपेठेतही त्या वर्षी दिवाळीला गर्दी नव्हती. दुपारी तर क्लासमध्ये मी एकटीच असे. घरी फोन केला की आई विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." एवढ्यावर फोन संपायचा.

त्या रिकाम्या दुपारी मला फोल्डर सजवायचा नाद लागला. तेव्हाच्या विंडोजमध्ये ती सोय होती. फोल्डर उघडायचा, वरच्या मेनूत जायचं, एखादं चित्र निवडायचं आणि 'पुढे, पुढे' दाबत राहायचं. शेवटी फोल्डरचा पांढरा भाग जाऊन तिथे ते चित्र यायचं आणि फाइली त्याच्यावर मांडल्यासारख्या दिसायच्या. चित्र गडद असलं तर फाइलींची नावं दिसेनाशी व्हायची. मग अक्षरांचा रंग बदलायचा. हिशेबाच्या फोल्डरला ढग, परीक्षेच्या फोल्डरला विटा, असं मी सगळं सजवून टाकलं होतं. बघायला कुणी नव्हतं.

असंच एकदा बसले असताना एक गृहस्थ आत आले. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर जाळीची टोपी. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते फिटर होते. त्या हंगामात जिनिंग उघडलीच नव्हती.

"मले नोकरी-बिकरी नाही पाह्यजे, म्याडम," ते म्हणाले. "घरी बसून बसून डोकं खराब होऊन राह्यलं. बायको दिवसभर विचारते, काहून बसले, काहून बसले."

मी त्यांना चाचा म्हणू लागले. माउस ते पाना धरल्यासारखा आवळून धरत. टायपिंगला बसले की एकेक अक्षर शोधत आणि सापडलं की मान डोलवत. बोलणं फार नव्हतं आमचं. पण ते शेजारच्या खुर्चीवर असले की दुपार सरायची.

एक दिवस त्यांनी माझ्या पडद्यावरचे ढग पाहिले. "हे मागचं कसं बदलते?"

मी करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. जिनिंगचं आवार होतं. चांगल्या सालातलं. कापसाच्या गंज्या, त्यांच्यापुढे गाड्या आणि कोपऱ्यात तरुणपणीचे चाचा.

"हे लागते का मागं?"

फोटो स्कॅन करायची सोय आमच्याकडे नव्हती. रविवारी मी बसने पुसदला गेले, एका स्टुडिओतून तो फ्लॉपीवर घेतला. खरं तर मला दुसरं काही काम नव्हतंच. त्या रविवारी निदान कुठेतरी जायचं होतं.

फोटो लहान आला होता. विंडोज लहान चित्र ताणत नसे, फरशीसारखं शेजारी शेजारी लावत जाई. मी चाचांच्या फोल्डरला तो लावला आणि पडदाभर गंज्याच गंज्या झाल्या. एका आवारापुढे दुसरं आवार, त्याखाली तिसरं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकेक चाचा. मला वाटलं, बिघडलं. मी म्हटलं, "थांबा, मोठा करून आणते."

"राहू द्या," ते म्हणाले. खुर्ची पुढे ओढून बसले. "एवढा कापूस तर आमच्या इथं कधीच आला नाही."

ते हसतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

त्यानंतर ते आले की आधी तो फोल्डर उघडत. टायपिंगचे सगळे धडे त्यांनी त्यातच ठेवले. कापूस पांढरा, अक्षरं काळी, त्यामुळे नावं नीट वाचता यायची.

हंगाम संपायच्या आत त्यांना आदिलाबादकडच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी ते फ्लॉपी घेऊन आले. मी फोल्डर तिच्यावर उतरवला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितला. मागे कोरं पांढरं. फोटोची फाइल आत होती, धडेही होते, फक्त कापूस गेला होता. कुठलं चित्र कुठून घ्यायचं याची नोंद पहिल्याच मशीनकडे बोट दाखवत होती. ते मी त्यांना जमेल तसं समजावलं.

"म्हणजे तो इथंच राह्यते?"

"हो."

"राहू द्या मग. तुम्ही पाहात जा."

त्यांनी फ्लॉपी खिशात टाकली, दारापाशी चपला घातल्या आणि गेले. मी काही दिवस तो फोल्डर उघडायचे. पण कोपऱ्याकोपऱ्यातले इतके चाचा बघून खुर्ची जास्तच रिकामी वाटायची, म्हणून पुढे सोडून दिलं.

महिन्याभराने शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. पलीकडे यंत्रांची घरघर होती आणि तिच्यातून चाचा मोठ्याने बोलत होते. काम बरं आहे, खोली मिळाली आहे, जेवण हाताने करावं लागतं. मग म्हणाले, "इथं बोलाले कोणी नाही, म्याडम. म्हणून लावला." मी विचारलं, "जेवलात का?" ते म्हणाले, "हो." आईशी बोलताना व्हायचं तसंच झालं.

"आज किती पोरं आलते क्लासले?" त्यांनी विचारलं.

"आज कोणीच नाही, चाचा."

"मंग कायले बसल्या? बंद करा अन् घरी जा."

मी हो म्हटलं. परत येऊन मशीनं बंद केली, शटर ओढलं. ऊन अजून उतरायचं होतं. घर यवतमाळला होतं, म्हणून मी बसस्टँडच्या बाजूने खोलीवर गेले.