एनवाले काका

'साधारण किती वाजले असतील?' असं एनवाल्या काकांना विचारण्यात अर्थ नसे. घड्याळ बाहीखाली असलं तर ते आधी 'माहीत नाही' म्हणत, मग बाही वर करत आणि मिनिटासकट वेळ सांगत. 'साधारण' हा शब्दच त्यांना चालत नसे. तेव्हा मला त्यांची चीड यायची. आज चीड येते ती दुसऱ्याच लोकांची, आणि त्यांत मीही आहे.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. मूळचे परभणीकडचे, शेतकऱ्याघरचे; नोकरीपायी बरकतपुऱ्यात स्थिरावलेले. मी पुण्याहून पीएचडीला आलो होतो. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरलेले, की ते रागावताहेत का लाड करताहेत हे मला सहा महिने कळलं नाही. ते मला कायम 'पुणेकर' म्हणायचे. पण जेवायला कधी एकटे बसले नाहीत. काकू माझी भाकरी आणि अंबाडीची भाजी वेगळी बांधून देत. पुण्याचं पोरगं वाळून गेलंय, एवढी एकच गोष्ट काकांनी न तपासता मान्य केली होती.

आमचं काम एका समुद्री जिवाचं. पाण्यात तरंगणारा, रव्याच्या कणाएवढा, कोळंबीचा लांबचा भाऊबंद. समुद्र कुठल्या कुठे, पण किनाऱ्यावरून स्पिरिटच्या बाटल्यांत हे जीव यायचे आणि आम्ही त्यांचा जीनोम, म्हणजे डीएनएतली अक्षरं ओळीनं, वाचायचो. अख्खा वाचायची आमची ऐपत नव्हती. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा छोटा जीनोम असतो, तेवढाच. सगळं हातानं. एक्स-रेसारख्या फिल्मवर काळ्या रेघा उमटायच्या. रेघ कुठल्या रांगेत, त्यावरून ए, सी, जी की टी हे अक्षर ठरायचं. काका मोठ्यानं वाचत, मी रजिस्टरात लिहायचो. मग मी वाचायचं, त्यांनी ताडून बघायचं. दोघांचं जुळलं तरच पानाखाली दोन सह्या.

रेघ पुसट असली की काका शांतपणे म्हणत, "एन." म्हणजे अक्षर कळलं नाही. मी हुज्जत घालायचो, हा जी आहे, उघड दिसतंय. ते चष्मा पुसून पुन्हा बघत आणि पुन्हा तेच सांगत.

"तुला जी पाह्यजे म्हणून जी दिसायलाय, पुणेकर. दिसत नाही ते लिहू नक्को."

त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं.

तेव्हा बाजार खुला झाला होता आणि आमच्या साहेबांच्या तोंडी एकच शब्द होता, भागीदारी. एक परदेशी कंपनी अक्षरं आपोआप वाचणारं मशीन आमच्याकडे बसवणार होती. अट एवढीच, की आधी आम्ही एक जीनोम पुरा करून छापायचा. आमचा पुरा होता, एकोणीस एन सोडून. तेवढे तुकडे पुन्हा करायला काकांनी तीन महिने मागितले. साहेबांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं, की जवळच्या एका जातीचा जीनोम छापलेला आहे, त्यात बघ आणि भरून टाक. एकोणीस अक्षरांनी कुणाचं काय बिघडतंय?

मी भरली. माझी पीएचडी साहेबांच्या हातात होती, हे कारण मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. भिकार कारण आहे ते.

काकांनी पान पाहिलं आणि पेन खिशात घातलं. "ही अक्षरं मी वाचलेली नाहीत," एवढंच साहेबांना म्हणाले. साहेबांनी दुसऱ्याची सही घेतली आणि महिन्याभरात काकांना भांडारात टाकलं. आयुष्यभर फिल्म वाचलेला माणूस काचेच्या बरण्या द्यायला बसवला! या हलकटपणाला ऑफिसात 'प्रशासकीय सोय' म्हणतात. पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा काकांनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. ते गेले त्या दिवशी मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

मशीन आलं. हार घातला, नारळ फोडला. त्यातून पहिला कागद निघाला, आणि जिथे वाचता आलं नाही तिथे मशीननं छापलं होतं, एन. साहेब कौतुकानं म्हणाले, बघा, किती प्रामाणिक यंत्र आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच एक अक्षर उच्चारलं म्हणून या नालायकांनी एक माणूस संपवला होता, आणि मी तिथे टाळ्या वाजवत उभा होतो.

ते तुकडे मी गुपचूप मशीनवर पुन्हा वाचले. मी भरलेल्या अक्षरांपैकी सात चूक निघाली. कागद घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मग, छापलेलं दुरुस्त केलंस?"

करतो, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. नंतर कितीदा भेटलो, पण हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दुरुस्ती मी पाठवली ती साहेब निवृत्त झाल्यावर. एवढी माझी मर्दुमकी. फॉर्मवर विचारलं होतं, चूक कशामुळे झाली? मी लिहिलं, दिसत नव्हतं, तरी लिहिलं. छापून आलेलं पान घेऊन बरकतपुऱ्यात गेलो, तर काकांना जाऊन दोन महिने झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि का कळवावं?

काकूंनी पान हातात घेतलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडा पाठ होता.

"एकोणीस अक्षरं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं लागली का रे तुला?"