वाघाच्या कमरेचा दोर

या जिल्ह्यात राग येण्यासारखं पुष्कळ आहे. कोळसा काढून उघडे टाकलेले आणि आता पाण्याने भरलेले खाणींचे खड्डे आहेत, सुकत चाललेले तलाव आहेत, आणि भिंत दिसली की तिच्यावर वाघ रंगवणारे साहेब आहेत. पण या सगळ्यांनी मिळून आणला नसेल एवढा राग मला एकट्या आमच्या घरमालकांनी, भाऊंनी, आणलेला आहे. चंद्रपुरात त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्याने राहते. वर मी पत्रकं लिहायची आणि खाली अंगणात भाऊंनी पाणबुड्याचा तांब्याचा टोप चिंचेने घासायचा, असा आमचा दिवस सुरू होई. घरातली सगळी चिंच त्या टोपाला लागायची. भाऊंची बायको, आमच्या काकू, हयात होत्या तोवर रोज मला म्हणायच्या, "त्या टोपाचीच भाजी कर बाई आता, आंबट तोच हाय." भाऊंनी उमेदीची वर्षं धरणांच्या दरवाजांखाली, पाण्यात घालवलेली. त्यामुळे जमिनीवरच्या कुठल्याही गोष्टीत त्यांना गम्य नव्हतं. मी मोर्चाला चला म्हटलं की विचारायचे, "पाण्यातून हाय का रस्ता?"

आमच्या गल्लीत नळाला तीन-तीन दिवस पाणी नसतं. मत्स्यालयाची काचेची टाकी मात्र काठोकाठ भरलेली असते, आणि दर रविवारी भाऊ तिच्यात उतरतात. आधी जुनं सामान दाखवायचं: कॅनव्हासचा अंगभर पोशाख, शिशाचे जोडे, तो टोप, टोपाला हवेची नळी आणि कमरेला दोर. मग नवं: पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, पायात बदकासारखे पंजे. लोक मासे बघायला आलेले असतात, याचा भाऊंना व्यक्तिगत अपमान वाटतो. "मासोळ्या काय पाहता? मासोळ्या बजारात पाहा. इथी माणूस पाण्यात कसा जगते ते पाहा." जुन्या टोपात हवा जाते ती हाताने फिरवायच्या पंपातून. तो फिरवायला ते गर्दीतला पोट सुटलेला अधिकारी नेमका हुडकतात. "फिरवत राहा जी साहेब. तुमी थांबले तं मी मरन, अन् चौकशी तुमच्यावर बसन." मी एवढी निवेदनं दिली, पण त्या माणसांना इतकं घाम गाळताना कधी पाहिलं नाही. याबद्दल मी भाऊंचं बरंच काही माफ केलेलं आहे.

दोर मात्र गर्दीतल्या कुणाच्या हाती नाही. तो फक्त मेहुण्याने, म्हणजे काकूंच्या भावाने धरायचा. हा नियम ते तरुणपणी कुठल्याशा गोदीतल्या म्हाताऱ्या पाणबुड्याकडून शिकले होते, आणि त्यामागचा विचार ऐकून मी गार पडले. "सख्ख्या भावाच्या हाती दोर देल्ला तं वावराची वाटणी सोपी होते. साळा कसा सोडन? बहीण त्याच्याच घरी येऊन बसन ना." मेहुणा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. रविवारी तो भुवयांवरची पांढरी धूळ घेऊन पहिल्या बसने येतो, टाकीच्या काठावर बसतो आणि दोराला एक झटका देतो. त्याचा अर्थ, बरा आहेस ना? खालून एक झटका येतो, बरा आहे.

गंमत अशी की दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात पोरांना रमवायला म्हणून भाऊंनी मांडवात टोप चढवला, आणि त्याचा नट अडकला. मंगलाष्टकं चालू असताना अर्धं वऱ्हाड अक्षता सोडून पाना शोधत होतं. लग्नाच्या व्हिडिओत नवरी थोडी आणि टोपच जास्त आहे. तेव्हापासून अबोला. हातभर अंतरावर उभे राहून दोघे मला निरोप सांगतात. "त्याले सांग, दोराले गाठ पडली." "ऐकलं म्हणा त्याले." "ऐकलं तं सोडत काऊन नाई म्हणा."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. तेरवी झाली आणि पुढचा रविवार आला. मला वाटलं, आता तो कशाला येईल? जिच्यासाठी दोर धरायचा तीच राहिली नव्हती. तो पहिल्या बसने आला. दोर घेऊन काठावर बसला.

आणि नेमके तेव्हाच मत्स्यालयात नवे साहेब आले. पाण्यातसुद्धा आमच्या जिल्ह्याला वाघच हवा, हे त्यांनी ठरवलं. भाऊंनी जुनं सामान कपाटात ठेवायचं, सिलिंडर बांधून पट्ट्यापट्ट्यांचा, शेपटीचा पोशाख घालायचा आणि काचेपाशी पंजा दाखवायचा. दोर बंद, दोरवाला बंद. "टायगर डिस्ट्रिक्ट है भाऊ. टूरिस्ट मोहर्ली की सफारी से इधर भी आना चाहिए." माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं: वाघ पांघरून माणसाची थट्टा किती दिवस? भाऊंनी ते चष्मा पुसून वाचलं. "जोरदार हाय पोरी. पण यात दोराचं काईच नाई."

"भाऊ, इथे तुमच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"इज्जत मले टोपात बी दिसत नव्हती. दोर पाह्यजे."

ते उठले, मत्स्यालयात गेले आणि माझ्यादेखत साहेबांपुढे उभे राहिले. "वाघ बनतो जी. शेपूट बी लावतो. पण मोकळा वाघ पाहून लेकरं भेतीन. वाघाले दोर पाह्यजे, अन् दोर धरासाठी माणूस." साहेबांना ते एकदम पटलं. फोटो चांगला येईल म्हणाले.

मी त्या रविवारी पत्रकांचा गठ्ठा बगलेत घेऊन काचेपुढे उभी होते. आयुष्यभर धरणांचे दरवाजे सांभाळलेला माणूस शेपटी फडकवत पोरांना पंजा दाखवत होता, आणि मला काच फोडावीशी वाटत होती. अजून वाटते. पत्रकही मी मागे घेतलेलं नाही.

खेळ संपला. भाऊ बाहेर येऊन बाकावर बसले, पट्ट्यांमधून पाणी गळत होतं. मेहुणा त्यांच्याकडे पाठ करून बाकाच्या दुसऱ्या टोकाला डबा उघडून बसला. "त्याले सांग, शेपूट पिळून घे म्हणा, सर्दी होईन." मी सांगितलं. भाऊंनी शेपटी पिळली. दोर सोडायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. एक टोक वाघाच्या कमरेला, दुसरं मेहुण्याच्या डाव्या मनगटाला. उजव्या हाताने भाकर मोडता मोडता त्याने डाव्या हाताने हलकेच एक झटका दिला.

भाऊ समोरच्या टाकीकडे बघत राहिले. मग त्यांनी दोर ओढला, एकदा.