राखीव गाडी आणि ठमाबाई

ठमाबाई आमच्या सरकारी दवाखान्यात आया होती. कंत्राटी. नवरा दाजी होडीवर खलाशी. तो वारल्यावर ही इथे लागली. मी दीपक, तिथलाच ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, आणि तिच्या सगळ्यात जास्त शिव्या मीच खाल्ल्यात. "मेल्या, गाडी धुतलीस की नुसती भिजवलीस?" हे माझं रोजचं स्वागत.

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली नि इकडे आमची धावपळ उडाली. समुद्रकाठचा जिल्हा ना! सगळ्यांच्या रजा रद्द. खिडक्यांना काळे पडदे. बायकांच्या वॉर्डातल्या अर्ध्या खाटा जखमींसाठी रिकाम्या ठेवा, असा वरून आदेश. माझ्या गाडीला 'युद्धकाळासाठी राखीव' अशी पाटी लागली नि चावी गेली डॉक्टरांच्या कपाटात. तेव्हा त्यात काही चूक नव्हतं. बाँब काय विचारून पडतो?

पण लढाई चार दिवसांत थांबली, आदेश काही थांबेना. तो मागे कुणी घ्यायचा, तेच कुणाला ठाऊक नाही! डॉक्टर वर फोन करायचे, वरचे त्यांच्या वर बोट दाखवायचे. रिकाम्या खाटांना पहारा नि माणसं लादीवर, असला कसला कारभार? पाय सुजलेल्या आनंदीबाईंना खाली निजलेलं बघून ठमाबाई भडकली. "खाटंवर कोण, वारा झोपनार काय?" म्हणत तिने म्हातारीला उचलून खाटेवर ठेवलं. डॉक्टरांनी न पाहिल्यासारखं केलं.

महिनाअखेरीस शमिका आली. खारवीवाडीतली पोर, पहिलटकरीण, दिवस भरलेले, नवरा विनीत बोटीवर. ब्लडप्रेशर भलतंच वाढलेलं, नि आमच्या डोळ्यांदेखत तिला फिटचा झटका आला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, इथे जमणार नाही, आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्या. १०८ ला फोन केला, तर ती गाडी गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर अपघाताला गेलेली. आणि आमची दारात उभी, टाकी फुल्ल!

"परवानगी मागतो," म्हणून डॉक्टर फोनला चिकटले. माणूस वाईट नाही हो, घाबरट आहे. पलीकडे कुणी उचलेना. शमिकाला दुसरा झटका आला.

ठमाबाई सरळ केबिनमध्ये घुसली, कपाट उघडलं नि चावी माझ्या अंगावर फेकली.

"मावशी, माझी नोकरी जाईल!" डॉक्टर ओरडले.

"तुमची कशाला जाईल? माझं नाव सांगा. दीपक, काढ गाडी!"

"पण ती पाटी..." मी चाचरलो.

"घाल चुलीत ती पाटी! लढाई तिकडची संपली. हितं चालू हाय, दिसत नाय तुला?"

काढली गाडी. मागे नर्स मनस्वी सलाईन धरून, आणि ठमाबाई शमिकाला कुशीवर घट्ट धरून. वळणावळणाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. रत्नागिरीला पोचताच शमिकाला आत घेतलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. ठमाबाई तिथल्या पायरीवर बसून ढसाढसा रडली.

पुढच्या आठवड्यात चौकशीला जिल्ह्याचे साहेब आले. ठमाबाईला शांतपणे म्हणाले, "तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय. पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहून द्या. वाढवून देतो."

मी मनात म्हटलं, दे बाई लिहून, पोटाचा प्रश्न आहे.

"लिवा," ठमाबाई म्हणाली. "बाई अडली तर परत गाडी काढीन. लिवा की! खाली सही करतंय मी."

साहेबांनी पेन खिशात घातलं.

त्याच महिन्यात गाडीवरची पाटी निघाली, सगळ्या खाटा भरल्या. ठमाबाईचं कंत्राट तेवढं वाढलं नाही. ती आता जेटीवर मासळी विकते. गाडीची चावी माझ्याच खिशात असते. परवा डॉक्टरांनी विचारलं, कपाटात ठेवायची का?

मी म्हटलं, "नाही. हवं तर लिहून घ्या, सही करतो."