तुम्ही घेतली का?

आमच्या आरोग्य केंद्रातल्या सुमनसिस्टर वीस वर्षं गावच्या बाळांना लस टोचत आल्या. करोनाची लस आली तेव्हा मात्र स्वतः घ्यायची पाळी आली की रजेवर, असं त्यांनी दोनदा केलं. "नवी लस आहे, भीती वाटते गं," असं मला, त्यांच्या हाताखालच्या नर्सला, म्हणाल्या होत्या.

एके दिवशी लसीच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही घेतली का?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "नाही. घाबरले होते. काल डॉक्टरांना सगळं विचारलं. आता घेते, तुमच्यादेखत."

त्यांनी बाही वर केली, मी सुई टोचली. आजवर शंका विचारणाऱ्या किती आयांना आम्ही "काही होत नाही" म्हणून नुसतं गप्प केलं होतं, ते तेव्हा मला उमगलं.

"मलाही विचारायचंय डॉक्टरांना," बाई म्हणाली.

"विचारा की. मी थांबते," सुमनसिस्टर म्हणाल्या.